कुत्र्याला घेऊन फ्लाय फिशिंग: नदीकाठच्या संथ दिवसाची तयारी

नवशिक्याने फ्लाय फिशिंगला, म्हणजे पिसं-केस बांधलेल्या हलक्या गळाने ट्राउटसारखे मासे धरायला, कुत्रा न्यावा का, असं विचारलं तर बरीच मुरलेली मंडळी मान हलवून "घरीच ठेवा" म्हणतील. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. हातात नऊ फुटांचा रॉड, डोक्यावरून सुसाट जाणारी लाइन, तिच्या टोकाला गळ आणि मागे शेपूट हलवत उभा असलेला प्राणी हे गणित आपोआप सुटत नाही. पण नीट तयारी केली तर कुत्र्यामुळे मासेमारी बिघडत नाही, सुधारते, असं माझं मत आहे. नवशिक्याची सगळ्यात वाईट खोड म्हणजे एकाच डोहावर उभं राहून दम न घेता लाइन मारत राहणं. पहिल्या चार फेकींतच मासे बिचकतात आणि पुढची चाळीस फेकी रिकाम्या पाण्यात जातात. कुत्रा सोबत असला की थांबावंच लागतं. त्याला पाणी पाजायचं, सावलीत हलवायचं, जरा फिरवून आणायचं. तेवढ्या वेळात डोह निवतो, मासे आपापल्या जागी परततात आणि पुन्हा खायला लागतात.

एवढं मात्र आधीच ठरवून टाका की दिवस कुत्र्याच्या चालीने जाणार. मासे मोजायचे असतील त्या दिवशी एकट्याने जा.

आधी कुत्र्याची परीक्षा

प्रत्येक कुत्रा या कामाचा नसतो. वर्षाच्या आतलं पिल्लू नेऊ नका, हलणारी कुठलीही दोरी त्याला खेळणंच वाटते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना पोहणं जड जातं आणि धाप लवकर लागते, त्यामुळे त्यांना काठ चालेल, पाणी नको. लॅब्रॅडॉर, रिट्रीव्हर, स्पॅनिअल हे पाण्यातले पट्टीचे, म्हणून तेच सगळ्यात योग्य असं वाटतं. पंचाईत त्यांचीच जास्त होते. पाण्यात काही पडलं की ते जाऊन आणायचं, यासाठीच तर त्यांची पैदास झाली. त्यांच्या नजरेने बघा: मालक दिवसभर पाण्यात काहीतरी फेकतोय आणि आणायला मात्र जाऊ देत नाही! मला विचाराल तर उत्तम सोबती म्हणजे पाच-सहा वर्षांपुढचा, थोडा आळशी, डुलक्या काढणारा कुत्रा. जात कुठलीही असो.

बोलावल्यावर येणं, "थांब", "सोड" आणि आपल्या चटईवर जाऊन पडून राहणं, एवढं त्याला यायला हवं. यातलं चटईचं शिक्षण पुढचा सगळा दिवस तारून नेतं. घरात एक ठरावीक चटई अंथरा. तिच्यावर पाय पडला की खाऊ, बसला की खाऊ, अंग टाकून पडला की जास्त खाऊ. मग हळूहळू वेळ वाढवा, नंतर तुमच्यातलं अंतर, नंतर आसपासची गडबड. तिन्ही एकदम वाढवलं की शिकवलेलं विस्कटतं. घराबाहेर, माणसांच्या ये-जा करण्यात तो वीस मिनिटं चटईवर राहिला की नदीला न्यायला हरकत नाही. "सोड" या हुकमाचं मोल काठावर कळतं. मेलेला मासा, कुणीतरी टाकून दिलेला दोरीचा गुंता, झुडपात अडकलेला गळ, हे सगळं तुमच्या डोळ्यांआधी त्याच्या नाकाला सापडतं.

सामान: तुमचं कमी, त्याचं जास्त

साध्या गळाच्या मासेमारीत आमिषाचं किंवा शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. इथे उलटं आहे. फ्लाय म्हणजे पिसं आणि केस बांधलेला गळ, त्याला वजन जवळपास नसतंच. वजन असतं ते जाड लाइनला आणि लाइन फ्लायला घेऊन जाते. म्हणून रॉड आणि लाइन यांचा नंबर जुळावा लागतो. मध्यम नदीसाठी नऊ फुटांचा ५ नंबरचा रॉड, ५ नंबरची तरंगती लाइन आणि साधं रीळ एवढ्यावर सुरुवात करा. ५ नंबरच्या लाइनचे पुढचे ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात. हे वजन रॉडला वाकवतं आणि रॉड सरळ होताना लाइन पुढे जाते.

लाइनच्या पुढे निमुळता होत जाणारा पारदर्शक लीडर बांधतात. नऊ फुटांचा ५ एक्स लीडर घ्या. एक्सचा आकडा जितका मोठा तितकी दोरी बारीक, ५ एक्सचं टोक साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीचं असतं. फ्लाय बदलता बदलता टोक आखूड होतं, त्यासाठी त्याच जाडीच्या टिपेटची, म्हणजे टोकाला जोडायच्या बारीक दोरीची, एक गुंडाळी खिशात असू द्या.

ओढा अगदी लहान असेल तर जपानी पद्धतीच्या तेनकारा रॉडचा जरूर विचार करा. त्याला रीळ नसतं, रॉडच्या शेंड्यालाच ठरावीक लांबीची लाइन बांधलेली असते. पायात लोळणारी जादा लाइन नाही, म्हणजे कुत्र्याच्या पायात अडकायला काही नाही. सोबत कुत्रा असताना ही केवढी सोय आहे, हे तासाभरात समजतं.

फ्लायचे ढीग करू नका. पाण्यावर तरंगणाऱ्यांपैकी अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, बुडणाऱ्यांपैकी फेझंट टेल निम्फ (निम्फ म्हणजे पाण्यात वाढणारं किड्याचं पिल्लू), १४ आणि १६ नंबरच्या गळांवर. अ‍ॅडम्स १९२२ पासून चालत आलेली आहे आणि ती कुठल्या एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही, करड्या रंगाच्या बऱ्याच किड्यांसारखी थोडीथोडी दिसते. नवशिक्याला हेच हवं. फेझंट टेल इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर काम करणाऱ्या फ्रँक सॉयर यांची. धाग्याऐवजी त्यांनी तांब्याची बारीक तार वापरली, त्यामुळे ती पटकन बुडते.

आता कुत्र्याच्या अंगाने पाहा. फेझंट पक्ष्याचं शेपूट, सशाच्या कानाचे केस, एल्क या हरणाचे केस, कोंबड्याची पिसं. तुमची फ्लायची डबी म्हणजे त्याच्या नाकासाठी शिकारीचं भांडार आहे. डबी चेन असलेल्या खिशातच ठेवा, आणि गवतावर उघडून तर मुळीच नका ठेवू.

प्रत्येक गळाचा उलटा काटा घरीच दाबून टाका. सपाट तोंडाच्या छोट्या पकडीत गळाचं टोक धरायचं आणि काटा दांड्याला टेकेपर्यंत चेपायचा. मग गळ जुन्या सुती कापडात टोचून मागे ओढून पाहा. धागा न ओढता सहज निघाला तर काम झालं, कापड जरा जरी उचललं गेलं तर पुन्हा चेपा. बिनकाट्याच्या गळातून मासा थोडा लवकर सुटतो हे खरं. पण तो तुमच्या बोटातून आणि कुत्र्याच्या ओठातूनही तसाच सहज निघतो.

कुत्र्यासाठी पाठीवर पकडायची मूठ असलेलं लाइफ जॅकेट, पाच मीटरचा लांब पट्टा, ओळखीची चटई, घरचं प्यायचं पाणी आणि वाटी, टॉवेल, विष्ठेसाठी पिशव्या, गोचीड काढायचा चिमटा. तुमच्यासाठी टोपी, पोलराइज्ड गॉगल, गळ काढायचा लांब चिमटा आणि पाण्याचा थर्मामीटर. गॉगल चैन म्हणून सांगत नाही. पाण्याखालचे गोटे त्याने दिसतात आणि उडालेल्या गळापासून डोळा वाचतो.

घराजवळच्या गवतावर दोघांची तालीम

पहिल्यांदा रॉड जोडाल तेव्हा टोकाला गळ नको, लोकरीचा रंगीत तुकडा बांधा. कुत्र्याला चटईवर बसवा आणि थोडं लांब जाऊन लाइन हलवा. पहिल्या दिवशी तो कान टवकारेल, लाइन गवतावर सरपटली की अंग आवळेल. उठला तर ओरडू नका. लाइन थांबवा, त्याला परत चटईवर न्या आणि हालचाल कमी करून पुन्हा सुरू करा. दहा मिनिटं पुरेत. काही दिवसांत लाइनच्या हालचालीचा त्याला कंटाळा येतो. असा कंटाळलेला कुत्रा म्हणजे तयार कुत्रा.

तुमची तालीम दोन फेकींची. डोक्यावरून मारायच्या फेकीत रॉड घड्याळातल्या दहा ते एकच्या दरम्यान पुढे-मागे करायचा, दोन्ही टोकांना ठाम थांबवायचा आणि मागे लाइन पूर्ण उलगडेपर्यंत वाट पाहायची. नवशिके मागचं थांबणं गाळतात आणि फट्‌कन चाबकासारखा आवाज येतो. मान वळवून मागची लाइन पाहायची सवय आत्ताच लावून घ्या. ती नंतर कुत्र्यासाठीही कामी येते.

दुसरी रोल कास्ट, आणि कुत्रा सोबत असताना मी हिलाच पहिला मान देतो. हिच्यात लाइन मागे उडतच नाही. रॉडचं टोक सावकाश मागे आणायचं, रॉड कानाच्या जरा मागे झुकला की लाइनची झोळ रॉडमागे लोंबते, पण फ्लाय आणि लाइनचं टोक पुढे पाण्यावरच असतं. इथे क्षणभर थांबायचं. मग वेग वाढवत रॉड पुढे आणून उंचावरच अडवायचा, म्हणजे लाइन गोल उलगडत पुढे जाते. अंतर कमी मिळतं, आठ-नऊ मीटर पुष्कळ झाले. ओढ्यावर त्याहून लांबचा मासा नवशिक्याला लागत नाहीच. गवतावर ही फेक जमत नाही, कारण लाइनला धरून ठेवायला पाण्याचा चिकटा लागतो. लीडरचं टोक कागद अडकवायच्या पॅडच्या क्लिपमध्ये दाबून पुढे जमिनीवर ठेवलं की सराव होतो.

जागा आणि वेळ

मासेमारीचा परवाना, हंगाम, फ्लायचे नियम आणि कुत्र्याला परवानगी आहे का, हे चारही प्रश्न निघण्याआधी विचारून घ्या. काही ठिकाणी मासेमारीला मुभा असते आणि कुत्र्याला नसते. वसंतात गोट्यांच्या उघड्या पट्ट्यांवर पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती अंडी गोट्यांतून ओळखू येत नाहीत. त्या दिवसांत अशा ठिकाणी कुत्र्याचा पट्टा तुमच्या हातातच हवा.

नदी निवडताना गुडघ्याएवढं पाणी, मंद उतार, एका बाजूला रुंद काठ आणि झाडाची सावली बघा. उंच दरड असलेली जागा सोडा, पाण्यात घसरलेला कुत्रा तिथून वर येऊ शकत नाही.

वेळेच्या बाबतीत मासा आणि कुत्रा यांचं एकमत आहे. ट्राउटला थंड पाणी लागतं, साधारण १० ते १६ अंशांत तो मनापासून खातो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना सुमारे ९. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते, त्यामुळे अशा पाण्यात झुंज दिलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. थर्मामीटर २० वर गेला की रॉड आवरा. तोवर काठावरचे दगडही तापलेले असतात. हाताची पालथी बाजू दगडावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याच्या पंजालाही ते सोसणार नाही. पहाटे सुरुवात, दुपारी सावलीत झोप, वाटलं तर उतरत्या उन्हात पुन्हा तासभर.

पोहोचल्यावर रॉड काढू नका

पहिला अर्धा तास रॉड पिशवीतच राहू द्या. कुत्र्याला लांब पट्ट्यावर घेऊन पाण्यापासून दूर, काठाच्या वरून फिरवा. त्याला हुंगू द्या, अंग मोकळं करू द्या. ही चक्कर गाळली तर पुढे तासभर तो चटईवर चुळबुळ करणार, हे ठरलेलं. फिरताना तुमचं काम जमीन पाहण्याचं: टाकलेल्या दोऱ्या, गळ, फुटक्या काचा उचलून डबीत टाका.

मग मासे धरायच्या जागेच्या बरंच खालच्या अंगाला (धार वाहत जाते त्या बाजूला), उथळ पाण्यातला मुठीएवढा दगड उचलून उलटा करा. ओल्या पृष्ठभागाला चिकटलेले बारीक जीव पळू लागतात. तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना थरथरणारे कल्ले दिसले तर ते मेफ्लाय या किड्याचं निम्फ. दोनच शेपट्या आणि अंग दणकट असेल तर स्टोनफ्लाय या किड्याचं. वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळी दिसली तर आत कॅडिस या किड्याची अळी. कुत्रा नाक खुपसणारच, एकदा हुंगू द्या. जे सापडलं त्याच्या रंगाची आणि आकाराची फ्लाय निवडा आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा.

आता बसा आणि पाणी बघा. खळखळाट संपून डोह सुरू होतो ती जागा, वेगवान धार आणि संथ पाणी यांची शिवण, मोठ्या दगडामागचं शांत पाणी, या तीन जागा पुरे. मासा कमी श्रमात उभा राहतो आणि धार त्याला खाणं आणून देते. त्याचं तोंड वरच्या अंगाला असतं, म्हणून तुम्ही खालच्या अंगाने जायचं. पाण्याखालून त्याला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, त्यामुळे उभा माणूस दिसतो आणि वाकलेला बराचसा लपतो. अंगावरच्या पार्श्वरेषेने त्याला पाण्यातले हादरेही जाणवतात. काठावर धावणारा कुत्रा हे त्याच्यासाठी दोन्ही अर्थांनी संकट आहे. म्हणून जागेवर जाताना कुत्रा तुमच्या मागे, चालत.

चटई कुठे टाकायची

दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा आहे. तुमच्या पाठीमागे चटई नको, कारण डोक्यावरून मारलेल्या फेकीत गळ तिथेच फिरतो. खालच्या अंगालाही नको, निसटती फ्लाय ओढताना ती तिकडेच येते. तुम्ही उजव्या हाताने फेकत असाल तर डाव्या बाजूला, काठावर, तुमच्या खांद्याच्या रेषेच्या पुढे आणि सावलीत. रॉड आणि बाहेर असलेली लाइन मिळून जेवढी लांबी होते तेवढं अंतर ठेवलं तर उत्तम. जागा अरुंद असेल तर कुत्रा अगदी पायाशी ठेवून फक्त रोल कास्ट मारा. मधलं अंतर सर्वांत धोक्याचं.

एका वेळी एकच फ्लाय बांधा. वर तरंगती आणि खाली बुडती अशी जोडी बांधायची पद्धत लोकप्रिय आहे आणि तिच्यावर मासेही लागतात. पण एका फ्लायला मासा लागला की दुसरा गळ मोकळा झुलत राहतो आणि उत्साहाने पुढे आलेल्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. कुत्रा सोबत असताना जोडी नको, यावर मी वाद घालत नाही.

फ्लाय शिवणीच्या जरा वरच्या अंगाला टाका आणि पाण्याच्या वेगानेच वाहू द्या. लाइन मध्येच ओढली गेली तर फ्लाय पाण्यावर रेघ काढते आणि मासा तोंड फिरवतो. मधली धार लाइनला खेचत असेल तर रॉडच्या टोकाने लाइनची झोळ हलकेच उचलून वरच्या अंगाला ठेवा.

माशाने तोंड लावलं की नवशिका रॉड झटक्याने मागे खेचतो. मासा हुकला तर तोच गळ बाणासारखा खांद्यावरून काठाकडे येतो. त्यामुळे झटका नाही, रॉड फक्त बाजूला, पाण्याच्या पातळीला समांतर ओढून लाइन ताठ करायची. फांदीत अडकलेली फ्लाय सोडवतानाही हेच भान ठेवा. आधी कुत्र्याला रेषेतून बाजूला घ्या, रॉड फांदीच्या दिशेने सरळ धरा, तोंड फिरवा आणि लाइन हाताने ओढा.

साधारण वीस मिनिटं झाली की थांबा, मासे खात असले तरीही. फ्लाय रॉडवरच्या कडीत अडकवा, लाइन गुंडाळा, रॉड झाडाला उभा टेकवा. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या रॉडवर पाय पडणार आणि शेंडा मोडणार. मग कुत्र्याकडे जा. त्याला पाणी पाजा, पाठ थोपटा, काठापासून दूर एक चक्कर मारा. येताना पुढच्या डोहावर सरका, नाहीतर वीस मिनिटांनी त्याच डोहाकडे नव्याने पाहा.

पाण्यात उतरायचं असेल तर

पहिल्या हंगामात कुत्र्याबरोबर नदी ओलांडू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे दोन पावलांपूर्वी सोपं वाटलेलं पाणी अचानक पाय उचलतं. तुम्ही उतरलात तरी कुत्रा काठावर. त्याचा पट्टा कमरेला किंवा मनगटाला कधीही बांधायचा नाही, आणि वाहत्या पाण्याजवळ त्याला खुंटीला बांधूनही ठेवायचं नाही. घसरला तर पट्टाच त्याला पाण्याखाली दाबून धरेल. पडलेल्या झाडाच्या फांद्या पाण्यात असतील तर त्यांच्या वरच्या अंगाला कुणीच उतरू नये. पाणी त्यांतून निघून जातं, अंग मात्र अडकतं.

कुत्रा वाहून जाऊ लागला तर उडी मारू नका. काठाने खालच्या अंगाला पळा आणि संथ पाण्याच्या बाजूने त्याला हाका मारा. बहुतेक वेळा तो स्वतः बाहेर येतो, मागून उडी मारलेल्या मालकाची शाश्वती नसते.

त्याला पोहायचंच असेल तर दिवसाच्या शेवटी, तुमची मासेमारी आटोपल्यावर, संथ पाण्यात थोडा वेळ. पुन्हा पुन्हा काठी आणायला लावलं की तो तोंडाने भरपूर पाणी गिळतो. अति पाण्याने रक्तातलं सोडियम घसरून कुत्रे दगावतात. उलटी, लटपट, सुस्ती दिसली तर थेट डॉक्टर. पानगळीच्या सुमारास किंवा वसंतात नदीच्या तळाशी गोट्यांचा एखादा स्वच्छ, फिकट रंगाचा खळगा दिसला तर तिथे माशांनी अंडी घातलेली असू शकतात. त्यावर तुमचाही पाय नको, त्याचाही.

मासा लागला की

या क्षणी कुत्रा उठणार. शेपूट, भुंकणं, सगळं एकदम. म्हणून पहिला मासा लागण्याआधीच, रिकाम्या लाइनला झटके देत "थांब" घोकून घ्या. माशाला फार दमवू नका, जाळी पाण्यातच धरा, हात ओले करा आणि गळ चिमट्याने पाण्यातच सोडवा. बाहेर काढायचाच असेल तर दहा सेकंदांच्या आत परत. कुत्र्याला मासा हुंगायला देऊ नका. त्याचं नाक आणि पंजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात, आणि गळ अजून तोंडात असेल तर प्रकरण भलतंच होतं. मासा गेला, फ्लाय कडीत अडकली, मग त्याला बोलावून ओला हात हुंगू द्या. त्याला तेवढं पुरतं.

कच्चा मासा त्याला कधीही खायला देऊ नका, काठावर मरून पडलेला तर नाहीच. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनारपट्टीवर सॅल्मन-ट्राउटच्या अंगातल्या एका सूक्ष्म कृमीबरोबर जिवाणू येतो आणि आठवड्याभरात कुत्र्याला जोराचा ताप आणि जुलाब सुरू होतात. उपचार न झाल्यास तो बहुधा वाचत नाही. इतर नद्यांतही गळ गिळलेला मासा, हाडं आणि कुजका भाग हे धोके आहेतच.

गळ कुत्र्याला लागला तर

आधी लाइन कापा, म्हणजे ओढ थांबेल. गळ कातडीत वरवर असेल आणि काटा चेपलेला असेल तर ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने सरळ मागे काढा, जखम धुवा. दुखावलेला शहाणा कुत्राही चावतो, हे लक्षात ठेवून कुणाला तरी डोकं धरायला सांगा. डोळ्याजवळ, जिभेत, घशात किंवा सांध्यात लागला असेल तर हात लावू नका, डॉक्टरकडे न्या. गिळला असेल आणि तोंडातून दोरी बाहेर लोंबत असेल तर ती ओढायची नाही आणि तोंडाशी कापायचीही नाही. हातभर ठेवून गळपट्ट्याला सैल बांधा. गळ शोधायला डॉक्टरांना तीच दोरी उपयोगी पडते.

न दिसणारे धोके

उन्हाळ्यात संथ, कोमट पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग दिसला तर तिथून निघून जा. ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं आणि त्याचं विष काही तासांत कुत्र्याचा जीव घेतं. अंगावर लागलेलं तो चाटतो, म्हणून घरचंच पाणी पाजा आणि शंका असेल तर लगेच धुवा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्याची लस घेतलेली असू द्या. थंड पाण्यात बराच वेळ पोहल्यावर शेपूट दोरीसारखं लोंबू लागलं तर घाबरू नका, स्नायू आखडलेले असतात, काही दिवसांच्या विश्रांतीने बरं होतं. तरी एकदा डॉक्टरांना दाखवा.

आता उलट बाजूचा धोका, ज्याबद्दल मासेमारही फारसं बोलत नाहीत. पिसवा-गोचिडांसाठी मानेवर लावायच्या बऱ्याच थेंबांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं असतात. २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या २० नद्यांच्या पाण्याची माहिती तपासली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक नमुन्यात फिप्रोनिल सापडलं. दगडाखाली पाहिलेली मेफ्लायची निम्फ अशा औषधांना फार नाजूक असतात. ती गेली की मासाही गेला. थेंब लावून फार दिवस झाले नसतील तर कुत्र्याला पाण्यात उतरवू नका, आणि नदीवर नेहमी जात असाल तर दुसरा काय उपाय करता येईल हे डॉक्टरांना विचारा.

निघण्याआधी

कुत्र्याला टॉवेलने कोरडं करा आणि त्याच हाताने तपासत जा: कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या फटींत. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिरगाळू नका. बुटांच्या तळव्यांना, जाळीला आणि त्याच्या केसांना चिकटलेलं शेवाळ-चिखल तिथेच झटका. एका नदीतले नकोसे जीव दुसऱ्या नदीत असेच पोहोचतात. दुसऱ्या नदीवर जाण्याआधी सगळं पूर्ण वाळवा, लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांसकट. विष्ठेची पिशवी काठावर "येताना उचलू" म्हणून ठेवलेली असेल तर ती आत्ता आठवा.

आणि डबीतल्या फ्लाय मोजा. सकाळी किती होत्या हे झाकणाच्या आत पेन्सिलने लिहून ठेवलं की हे काम मिनिटभरात होतं. झाडात गेलेली, माशाने नेलेली, टोपीला टोचलेली वजा करूनही एक कमी भरत असेल तर गाडीत बसू नका. आधी चटई झटका, मग कुत्र्याच्या पोटाखालून, शेपटीच्या झुपक्यातून, पंजांच्या केसांतून बोटं फिरवा.